गाईडेड एव्हरेस्ट मोहीम: शिखर सोडून बाकी सगळं

हिमरेषा

एव्हरेस्टच्या मोहिमांबद्दल आपण जे वाचतो ते बहुतेक शिखराच्या दिवसाबद्दल असतं. पण नेपाळच्या बाजूने होणारी वसंतातली मोहीम सहा ते आठ आठवडे चालते. बेस कॅम्प सोडून शिखराकडे जायला आणि परत यायला त्यातले सहा-सात दिवस लागतात. मग उरलेले दिवस माणूस तिथे करतो काय? झोपतो कसा, कुणाच्या जिवावर वर जातो? जाण्याआधी मी हेच शोधत होते आणि मराठीत फारसं काही हाती लागलं नाही. म्हणून हा धागा. जे पाहिलं तेवढं सांगते, तुम्ही विचारत राहा.

आधी माणसांबद्दल. पैसे भरून जाणारे आपण म्हणजे 'मेंबर'. प्रत्येक मेंबरबरोबर निदान एक क्लाइंबिंग शेर्पा, त्या सगळ्यांवर सरदार. बेस कॅम्पवर एक स्वयंपाकघर, वरच्या वाटेवरच्या कॅम्प २ वर दुसरं. खालून सामान आणणारे हमाल आणि याकवाले वेगळे. मेंबरांपेक्षा त्यांच्यासाठी राबणारी माणसं नेहमीच जास्त असतात. गाईडेड मोहीम म्हणजे काय हे समजून घ्यायचं असेल तर सुरुवात इथून करावी.

बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर. जमीन म्हणतो ती जमीन नसतेच, खुंबू हिमनदीवर पसरलेले दगड असतात आणि खाली सरकता बर्फ. रात्री पाठीखाली तडकल्याचे आवाज येतात, कधी लांबून, कधी अगदी उशीखालून. पहिल्या रात्री कुणालाच नीट झोप लागत नाही. दिवसा ऊन तापलं की आजूबाजूचा बर्फ वितळतो, पण तंबूच्या सावलीतला तसाच राहतो. पंधरा दिवसांत तंबू चौथऱ्यावर बसवलेल्या मूर्तीसारखा उंचावर जाऊन बसतो. मग सगळं उपसायचं, दगड सपाट करायचे आणि पुन्हा उभारायचा.

सकाळी तंबूच्या चेनजवळ हाक येते, "दिदी, चिया", म्हणजे ताई, चहा. आत स्लीपिंग बॅगच्या तोंडावर श्वासाचा बर्फ जमलेला असतो, बाटलीतलं पाणी गोठलेलं असतं. ऊन तंबूवर येईपर्यंत बाहेर पडायची कुणाची हिंमत होत नाही, आणि ऊन आलं की दहा मिनिटांत आत बसवत नाही इतकं गरम होतं. मग नाश्ता, हवामानाचा निरोप, थोडं चालणं, जेवण, कपडे धुणं. डोकं धुवायचं तर ऊन चांगलं दोन तास टिकणार असेल तेव्हाच. दुपारनंतर ढग येतात, बर्फ पडतो, सगळे जेवणाच्या तंबूत येऊन बसतात. पत्ते, पुस्तकं, जमलं तर घरी फोन.

आणि वाट पाहणं. हे वाट पाहणं हेच तिथलं मुख्य काम आहे असं माझं मत झालं. शरीराला विरळ हवेत रक्त बदलायला वेळ लागतो, वरच्या दोऱ्या लागायला वेळ लागतो, शिखरावरून वाहणारा जेट स्ट्रीमचा वारा सरकायला वेळ लागतो. यातलं काहीही आपल्या हातात नाही. घरी ज्यांना दिवसभर काही ना काही करत राहायची सवय आहे त्यांना चौथ्या आठवड्यात फार जड जातं.

पायवाट

वाचतोय. चिकाटीने लिहा, मध्येच सोडू नका.

दोन प्रश्न. एक, खुंबू आईसफॉलमधून किती वेळा जावं लागतं? दोन, पूजेशिवाय शेर्पा चढत नाहीत म्हणतात ते खरं का?

हिमरेषा

पूजेचं खरं आहे. लामा येतात, दगडांची वेदी रचतात, मधोमध काठी उभी करून चारी दिशांना पताकांच्या माळा ताणतात. धुपीचा धूर सुरू असतो. आपले क्रॅम्पॉन (बुटांखाली लावायचे लोखंडी काटे), आईस ॲक्स, हार्नेस (दोराला अडकवायचा कमरेचा पट्टा) वेदीपाशी नेऊन ठेवायचे. शेवटी एकमेकांच्या गालांना सातूचं पीठ फासतात. मी तिथे पाहुणी म्हणून बसले होते. पण माझ्याबरोबरचे शेर्पा, ज्यांना मी दाई म्हणजे नेपाळीत दादा म्हणायचे, ते ज्या पद्धतीने आपला दोर वेदीला टेकवून कपाळाला लावत होते ते पाहिल्यावर मला पाहुणी राहता आलं नाही. डोंगरावर पाय ठेवण्याआधी त्याची परवानगी मागायची असते. त्यानंतरच कामाला सुरुवात.

आईसफॉलचं उत्तर मोठं आहे. बेस कॅम्प आणि कॅम्प १ च्या मध्ये साधारण ७०० मीटर चढाची ती मोडक्या बर्फाची उतरंड आहे. हिमनदी वरच्या घळीतून खाली ओतते तिथे तिचे तुकडे होतात. दोन-तीन मजली बर्फाचे सुळके, मधल्या भेगांवर टाकलेल्या ॲल्युमिनियमच्या शिड्या. वाट दर वसंतात नव्याने बसवावी लागते. ते काम 'आईसफॉल डॉक्टर' म्हणून ओळखले जाणारे शेर्पा करतात, त्यांना सगरमाथा प्रदूषण नियंत्रण समिती नेमते. बर्फ सरकला की शिडी वाकते, दोर तुटतो, आणि ते पुन्हा जाऊन दुरुस्त करतात. पूर्ण हंगामभर.

मेंबर लोक मध्यरात्रीनंतर निघतात, कारण थंडीत बर्फ धरून असतो. ऊन चढायच्या आत पार व्हायचं. हल्ली बऱ्याच कंपन्या विरळ हवेची सवय ६,११९ मीटरच्या लोबुचे ईस्टवर करून घेतात, म्हणजे मेंबरच्या आईसफॉलमधल्या फेऱ्या कमी होतात. माझ्या मते ही चांगली सुधारणा आहे. पण शेर्पांच्या फेऱ्या त्यामुळे फारशा कमी होत नाहीत हे कुणी बोलत नाही. तंबू, दोर, गॅस, अन्न आणि ऑक्सिजनच्या बाटल्या त्यांनाच वर न्यायच्या असतात. आपण गाढ झोपेत असताना रात्री दोन वाजता हेडलॅम्पची रांग वर जाताना दिसते, आणि आपण नाश्त्याला बसतो तेव्हा तीच माणसं रिकाम्या पाठपिशव्या घेऊन परत आलेली असतात.

१८ एप्रिल २०१४ ला सकाळी आईसफॉलवर हिमप्रपात कोसळला आणि १६ नेपाळी कामगार गेले. त्यात मेंबर एकही नव्हता. हा आकडा मी जाण्याआधी वाचला होता. तिथे ती रांग रोज पाहिल्यावर त्याचा अर्थ कळला.

कातळ

धागा मनापासून लिहिलाय, त्याबद्दल आदर आहे. पण एक विचारतो, राग मानू नका. दोर दुसऱ्याने लावायचा, तंबू दुसऱ्याने ठोकायचा, चहा दुसऱ्याने आणायचा, ऑक्सिजन दुसऱ्याने वाहायचा. मग यात गिर्यारोहण कुठे राहिलं? १९७८ मध्ये मेसनर आणि हाबेलर हे गिर्यारोहक बाटलीतल्या ऑक्सिजनशिवाय एव्हरेस्टवर जाऊन आले. आज ज्याच्याकडे पैसे आहेत तो लावलेल्या दोरावर जुमार (फक्त वरच सरकणारी पकड) सरकवत वर जातो. आमच्यासारख्या, स्वतः वाट काढणाऱ्या लोकांना हे बघवत नाही.

हिमरेषा

कातळ, राग कशाला? प्रश्न रास्त आहे आणि तिथे बसून मीही त्यावर विचार केलाय.

मला जे करता येतं त्याला मी मेसनरच्या कामाच्या शेजारी ठेवत नाही, आणि कुणी ठेवू नये. पण मेंबरला नुसतं वर नेलं जातं, असं तुमच्या बोलण्यातून निघतं ते बरोबर नाही. लोत्से फेस या खड्या उतारावर, कडक निळ्या बर्फावर चढताना पाऊल आपलंच असतं. कॅम्प ३ साधारण ७,२०० मीटरवर, उतारात खोदलेल्या कपारींवर. तिथे तंबूबाहेर लघवीला जातानाही दोराला अडकवून घ्यावं लागतं. बुटांवर क्रॅम्पॉन न चढवता दोन पावलं टाकलेली माणसं तिथून घसरून गेली आहेत. ती शिस्त दुसरं कुणी आपल्यासाठी पाळू शकत नाही. प्रत्येक अँकरपाशी, म्हणजे दोर बर्फात पक्का केलेल्या जागी, आधी सेफ्टी कॅराबिनर (सुरक्षेची कडी) पुढच्या दोरात, मगच जुमार काढून पलीकडे. शेकडो वेळा. थकल्यावर, अंधारात, जाड हातमोज्यांत. त्यातली एक वेळ चुकली तर शेर्पा काही करू शकत नाही.

मला त्यापेक्षा वेगळा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. आपण दुसऱ्याचे कष्ट विकत घेतोच आहोत. मग त्या माणसाला जोखमीच्या मानाने मोल मिळतं का, आणि वर गेल्यावर त्याचा शब्द आपण ऐकतो का?

रानवारा

काठमांडूत मोहिमांच्या सामानसुमानाचं काम काही काळ जवळून पाहिलंय, म्हणून पैशाबद्दल थोडं लिहितो.

शेर्पाला मिळतं ते अनेक तुकड्यांत. हंगामाचा रोज, साधनांसाठीचा भत्ता, वरच्या कॅम्पांवर नेलेल्या ओझ्याचे वेगळे पैसे, आणि शेवटी शिखर झालं तर बोनस. या बोनसात खरी अडचण आहे. मेंबर शिखरावर पोचला तर पूर्ण रक्कम, माघारी फिरला तर कमी किंवा मेंबरच्या मर्जीवर, असं बऱ्याच ठिकाणी चालतं. म्हणजे "आता परत फिरू" असं सांगणाऱ्या माणसाचंच नुकसान. चांगला शेर्पा तरीही सांगतो. पण त्याला या पेचात टाकायचं कशाला?

२०१४ च्या त्या अपघातानंतर सरकारने मृतांच्या घरच्यांना तातडीची मदत म्हणून ४०,००० नेपाळी रुपये जाहीर केले तेव्हा बेस कॅम्पवर जो संताप झाला, त्यात नेपाळच्या बाजूचा तो हंगामच जवळपास बंद पडला. विम्याची रक्कम वाढली ती त्यानंतर. तेव्हा काही मेंबर "आमचे पैसे बुडाले" म्हणत होते. त्यांचं नुकसान झालं हे खरं, पण मला आजही ते वाक्य आठवलं की वाईट वाटतं.

परवान्याचं शुल्क परदेशी माणसाला वसंतात ११,००० डॉलर होतं, १ सप्टेंबर २०२५ पासून १५,००० झालं. सोबतच आठ हजार मीटरवरच्या शिखरांवर दर दोन गिर्यारोहकांमागे एक मार्गदर्शक हा नियम आला. स्वस्तातल्या काही मोहिमांत माणसं वर एकटी सुटायची, त्याला यामुळे आळा बसावा अशी आशा आहे.

हिमरेषा

रानवारा, बोनसबद्दल लिहिलंत ते फार बरं केलंत. मी बेस कॅम्पवरच, पहिल्या आठवड्यात, सरदारांसमोर दाईंना सांगून टाकलं होतं की शिखर होवो न होवो, बोनस पूर्ण मिळेल. ते काही बोलले नाहीत, मान हलवली. पण त्या दिवसापासून ते मला जास्त मोकळेपणाने नाही म्हणायला लागले, असं मला जाणवलं. "आज नको, खोकला आहे." "हा बूट सैल बांधलाय, पुन्हा बांध." जाणाऱ्या प्रत्येकाने हे करावं.

प्राणवायू

डॉक्टर आहे, उंचीवरच्या आजारांवर थोडं काम केलंय. या चर्चेत तब्येतीचा विषय अजून आला नाही म्हणून लिहितो.

बेस कॅम्पवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण निम्मा, शिखरावर एक तृतीयांश. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तेच असतं, पण दाब कमी म्हणून फुप्फुसांतून रक्तात कमी उतरतो. झोपेत श्वास काही सेकंद थांबतो आणि मग माणूस धापा टाकत जागा होतो. शेजारच्या तंबूतला माणूस घाबरतो, पण त्या उंचीवर हे बहुतेकांना होतं.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर लोक नको इतकं लक्ष देतात. जेवणाच्या तंबूत आकड्यांची स्पर्धा लागते. सरावलेल्या माणसाचाही आकडा तिथे ऐंशीच्या घरात असू शकतो, आणि गार बोटावर यंत्र चुकीचंही दाखवतं. त्यापेक्षा माणसाकडे पाहा. डोकेदुखी, मळमळ, भूक मेलेली, चक्कर, हा साधा उंचीचा आजार. थांबा, वर जाऊ नका, बहुतेक वेळा उतरतो. पण बसल्याजागी दम लागतोय, खोकला ओला झालाय, छातीत घरघर आहे, म्हणजे फुप्फुसांत पाणी. माणूस विचित्र बोलतोय, सरळ रेषेत टाचेला अंगठा लावून चालता येत नाही, म्हणजे मेंदूला सूज. या दोन्हींत सकाळची वाट पाहायची नसते. ऑक्सिजन, डेक्सामेथासोन आणि निफेडिपिन ही औषधं, दाबाची फुगवायची पिशवी, यांनी वेळ मिळतो. उपचार एकच, खाली उतरणं.

तीन हजार मीटरच्या वर झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, हा नियम ट्रेकपासूनच पाळा. ट्रेकच्या वाटेवर फेरिचे गावात हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना १९७३ पासून आहे, एव्हरेस्ट बेस कॅम्पवर त्यांचा तंबूतला दवाखाना २००३ पासून हंगामात चालतो. लाज न बाळगता जा.

सगळ्यात धोकादायक गोष्ट मला कोणती वाटते सांगू? लपवणं. इतके पैसे भरलेत, इतकी रजा काढलीय, लीडरला डोकं दुखतंय सांगितलं तर खाली पाठवतील, या भीतीने लोक गोळी घेऊन गप्प बसतात. लीडरला जे माहीत नाही त्यावर तो निर्णय घेऊ शकत नाही.

पायवाट

डॉक्टरसाहेब, हल्ली घरीच कमी ऑक्सिजनच्या तंबूत झोपून दोन-तीन आठवड्यांच्या झटपट मोहिमा निघतात त्याबद्दल काय वाटतं? आणि तो झेनॉन वायूचा प्रकार?

प्राणवायू

तंबूतल्या झोपेने काही प्रमाणात सवय होते, पण त्यासाठीही घरी आठवडेच्या आठवडे घालवावे लागतात. म्हणजे वेळ वाचत नाही, फक्त जागा बदलते. शिवाय बाटलीतला ऑक्सिजन जास्त वापरावा लागतो, आणि तो वाहतो कोण हे वर आलंच आहे. झेनॉन वापरून मे २०२५ मध्ये एक ब्रिटिश गट लंडनहून आठवड्याच्या आत एव्हरेस्ट करून परत गेला हे खरं. पण त्याने गिर्यारोहकाची क्षमता वाढते याला पुरावा नाही, असं आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाच्या वैद्यकीय समितीने त्याच वर्षी जानेवारीत सांगितलं होतं. मी कुणालाही सुचवणार नाही.

अवखळ

सगळे प्रतिसाद वाचले. हिमरेषाताई, बायकांसाठी लिहाल का? पाळी, लघवी, कपडे बदलणं, एकाच तंबूत अनोळखी पुरुष. हे कुणी लिहीत नाही, आणि विचारलं तर "मॅनेज होतं" एवढंच उत्तर मिळतं.

हिमरेषा

अवखळ, नक्की. बेस कॅम्पवर प्रत्येकाचा तंबू वेगळा असतो, तिथे फार त्रास नाही. शौचाचा तंबू असतो, खाली पिंप. ती पिंपं भरली की माणसं पाठीवर घेऊन गोरकशेपच्या बाजूला उतरवतात, हेही त्याच हमालांचं काम. बेस कॅम्पच्या वर २०२४ पासून स्थानिक पालिकेच्या नियमाने आपली विष्ठा पिशवीत घालून खाली आणावी लागते. पिशवीत घट्ट करणारी पावडर असते, वास येत नाही. याला नाक मुरडू नका, कॅम्प २ चं पाणी आसपासचा बर्फ वितळवूनच होतं.

लघवीसाठी फनेल आणि रुंद तोंडाची बाटली. ही सवय घरी बाथरूममध्ये उभं राहून, मग गुडघ्यांवर बसून, मग जाड कपड्यांत, अशी करून जा. डाऊन सूट (पिसं भरलेला अंगभर उबदार पोशाख) घेताना मागची चेन हार्नेस न काढता उघडते का ते दुकानातच हार्नेस घालून बघा. पाणी कमी पिऊन बाटली टाळायची हा अनेक बायकांचा उपाय असतो. तो अजिबात करू नका. त्या थंडीत पाणी कमी पडलं की हिमदंश आणि डोकेदुखी दोन्ही जवळ येतात.

पाळीचं सांगायचं तर त्या उंचीवर वेळापत्रक कोलमडतं. लवकर येते, लांबते, कधी येतच नाही. दोन महिन्यांचं सामान बरोबर ठेवा, वापरलेलं सगळं पिशवीतून खाली. गोळ्या घेऊन पुढे ढकलायची असेल तर डॉक्टरांशी आधीच बोला.

वरच्या कॅम्पांवर तंबू वाटून घ्यावा लागतो. कुणाबरोबर, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. नोंदणी करतानाच लेखी विचारा. मी ज्या मोहिमेत होते तिथे आधी आश्वासन दिलं आणि कॅम्प २ वर वेगळंच सांगितलं. आमच्या सरदारांनी मध्ये पडून स्वयंपाकाच्या तंबूत माझी सोय केली. पण ते त्यांचं सौजन्य होतं, व्यवस्था नव्हती.

प्राणवायू

पाळीच्या गोळ्यांबद्दल पुरवणी. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका थोडा वाढतो. उंचीवर रक्त दाट होतं, पाणी कमी पडतं, वादळात तंबूत दिवस दिवस पडून राहावं लागतं. म्हणून कोणती गोळी हे स्वतः ठरवू नका, आणि कोणतीही गोळी पहिल्यांदा तिथे जाऊन घेऊ नका.

कातळ

हिमरेषा, तुमच्या आधीच्या उत्तरावर विचार केला. दोराबद्दल माझं मत फारसं बदललं नाही, पण शेर्पाच्या शब्दाबद्दलचा मुद्दा पटला. एक विचारायचं राहिलं. शिखर झालं का? तुम्ही कुठेच लिहिलं नाही.

हिमरेषा

नाही झालं. बाल्कनी म्हणतात त्या शिखराच्या वाटेवरच्या सपाटीवरून परत फिरले, साधारण ८,४०० मीटर.

साऊथ कोलवरून, म्हणजे ७,९०० मीटरच्या पुढच्या शेवटच्या कॅम्पवरून, रात्री नऊच्या सुमारास निघालो. निघण्याआधी तंबूत दाई प्रत्येक बाटलीवरचा दाब हेडलॅम्पच्या उजेडात तपासत होते. चार लिटरची बाटली ३०० बारला भरली की त्यात साधारण १,२०० लिटर ऑक्सिजन मावतो. मिनिटाला दोन लिटरने दहा तास, चार लिटरने पाच. हे गणित तिथे सगळे जण पाठ म्हणतात. पण थंडीत दाब उतरतो, मास्कच्या झडपेत श्वासाचा बर्फ साचतो, तो बोटांनी दाबून फोडावा लागतो, आणि पुढे रांग असेल तर पाच तासांची वाट आठ तासांची होते. म्हणून गणितात पहिला हिशोब परतीचा धरायचा.

बाल्कनीवर बाटली बदलताना वारा वाढला होता. अंदाजात तो नव्हता. माझ्या पुढे बरीच माणसं उभी होती आणि हलत नव्हती. दाईंनी माझ्या हातमोज्यात हात घालून बोटं चाचपली, घड्याळ पाहिलं, रेडिओवर सरदारांशी नेपाळीत बोलले. मग माझ्या कानाजवळ तोंड आणून म्हणाले, "बहिनी, आज नाही." मी विचारलं, थोडं थांबून बघू का? ते म्हणाले, "थांबलो तर बाटली संपेल, बोटं जातील." आम्ही फिरलो. तंबूत पोचेपर्यंत मी रडत होते. ते बाटलीचा दाब बघत होते आणि मी दोरात आहे ना, हे बघत होते.

रानवारा

तुमचं उत्तर वाचून १९९६ आठवलं. मोहिमेचा लीडर रॉब हॉलने १९९५ मध्ये डग हॅन्सन या आपल्या मेंबरला साऊथ समिटजवळून, शिखराच्या जरा खालून, परत फिरवलं होतं. पुढच्या वर्षी तोच हॅन्सन पुन्हा आला, आणि १० मे १९९६ ला दुपारी दोनची परतीची वेळ टळून गेल्यावरही वर जात राहिला. हॉल त्याच्याबरोबर थांबला. दोघेही परतले नाहीत. त्या वादळात एकूण ८ जण गेले. हॉल अतिशय काटेकोर म्हणून ओळखला जायचा. एका माणसाला दुसऱ्यांदा नाही म्हणणं किती अवघड असतं ते यातून दिसतं.

पायवाट

पण पैसे मेंबरचे, आयुष्यभराचं स्वप्न मेंबरचं. शेवटचा शब्द शेर्पाचा कसा? मला प्रामाणिकपणे हे पटत नाही. मेंबर सज्ञान आहे, धोका त्याला ठाऊक आहे.

हिमरेषा

पायवाट, धोका फक्त मेंबरचा असता तर मीही तुमच्याशी सहमत झाले असते. पण मेंबर वर कोसळला तर त्याला टाकून खाली येणं शेर्पाला जमत नाही, आणि घेऊन येणं बहुतेक वेळा शक्य नसतं. १८ मे २०२३ ला गेल्जे शेर्पा यांना बाल्कनीजवळ एक मलेशियन गिर्यारोहक दोराला धरून गारठलेला दिसला. त्यांनी आपल्या मेंबरला शिखर सोडायला राजी केलं आणि त्या माणसाला स्लीपिंग मॅटमध्ये गुंडाळून, कधी ओढत तर कधी पाठीवर घेऊन, कित्येक तास खाली आणलं. तो वाचला. असं क्वचित घडतं. आपण हट्टाने एक पाऊल पुढे टाकतो तेव्हा त्यात दुसरा एक माणूस असतो, त्याच्या घरी मुलं असतात. कामी रिता शेर्पा मे २०२५ मध्ये ३१व्यांदा शिखरावर पोचले. ते तिथे कामावर जातात. कामावरच्या माणसाला संध्याकाळी घरी जाता यायला हवं.

म्हणून निर्णय दोघांचा, पण दोघांपैकी कुणीही एकाने नाही म्हटलं तर नाही. आमचं तसं ठरलं होतं, आणि ते खाली, पोटभर हवेत, डोकं शाबूत असताना ठरलं होतं. वर ठरवायला डोकं पुरत नाही.

अवखळ

ताई, पुन्हा जाल?

हिमरेषा

हो. त्याच दाईंबरोबर, त्यांना वेळ असेल तर.

पायवाट

ठीक आहे, विचार करतो यावर. माझ्या मनात दोन वर्षांनी जायचं आहे. तयारी आणि कंपनी, दोन्हींबद्दल थोडक्यात सांगा.

हिमरेषा

तयारी: आधी मान्यताप्राप्त संस्थेतून बेसिक आणि ॲडव्हान्स कोर्स. दार्जिलिंगची एचएमआय, उत्तरकाशीची निम, मनालीची संस्था, कुठूनही. मग सहा हजार मीटर, मग सात हजार, आणि मधल्या प्रत्येक शिखरावर स्वतःचं ओझं स्वतः उचलायचं. जाड हातमोजे घालून, डोळे मिटून, जुमार आणि फिगर एट (दोरावरून उतरायचं साधन) दोरात घालता-काढता येईपर्यंत घरी सराव करा. पळण्यापेक्षा पाठीवर ओझं घेऊन तासन्‌तास चढण्याचा जास्त उपयोग होतो.

कंपनीला "यशाचं प्रमाण किती" हे विचारू नका, सगळे सांगतात. विचारा की माझ्याबरोबर कोण असेल आणि त्याने हा डोंगर याआधी चढला आहे का. माझ्यासाठी किती बाटल्या, त्याच्यासाठी किती, आणि साऊथ कोलवर जास्तीच्या किती. शेर्पांचा विमा किती रकमेचा आहे, बचावासाठीच्या हेलिकॉप्टरचा त्यात समावेश आहे का. त्यांचे तंबू आणि जेवण कसं असतं. परतीची वेळ कोण ठरवतं आणि ती कागदावर आहे का. बोनस शिखराला बांधलेला आहे का. जी कंपनी या प्रश्नांवर वैतागेल ती सोडून द्या. आणि शक्य झालं तर तिच्याबरोबर गेलेल्या पण शिखर न झालेल्या एखाद्या मेंबरशी बोला. त्याला परत कसं आणलं, हे त्याच्याकडून नीट कळेल.

रानवारा

पायवाट, एक भर. काठमांडूला पोचल्यावर घाईने लुक्लाचं, म्हणजे जिथून ट्रेक सुरू होतो तिथलं, विमान पकडू नका. सामान तपासायला एक दिवस ठेवा आणि तपासताना आपल्या शेर्पाला शेजारी बसवा. बुटात मोजे घालून बोटं हलतात का, हार्नेस डाऊन सूटवर बसतो का, ऑक्सिजनचा मास्क चेहऱ्यावर आणि गॉगलखाली नीट बसतो का, हे त्याला दाखवा. मास्क बसत नसेल तर तो बदलून मिळायची शेवटची जागा तीच आहे.